पहिलं बोअर घेताय? जागा बघण्यापासून मोटर सोडेपर्यंत काय काय करायचं

बोअर घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच असतो, किती फूट मारायचं? आणि उत्तर शेजाऱ्याकडून येतं, त्यांनी ४०० मारलंय मग आपण ४५० मारू. इथंच पैसे वाया जायला सुरुवात होते. महाराष्ट्राचा साधारण ८० टक्के भाग काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसॉल्टवर बसलाय आणि या खडकात खोली वाढली म्हणून पाणी वाढत नाही, बऱ्याचदा उलटंच होतं. म्हणून या लेखात मी सगळ्यात जास्त जोर एकाच गोष्टीवर देणार आहे, बोअर मारायची गाडी दारात यायच्या आधी कुठं थांबायचं ते ठरवा. बाकीचं सगळं त्याच्या आजूबाजूनं येईल.

आधी खाली काय आहे ते समजून घ्या

साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला आणि थंड होत गेला, त्यामुळं आपल्या पायाखाली भाकऱ्यांची चवड रचावी तसे थर आहेत. प्रत्येक थराचा वरचा भाग भोकाभोकांचा, मऊसर असतो, त्याला बरेच जण मांजऱ्या म्हणतात, आणि मधला भाग एकदम टणक काळा पाषाण. दोन थरांच्या मधी कधीकधी लाल गेरूचा पट्टा लागतो. सगळ्यात वर माती, त्याखाली मुरूम.

पाणी कुठं असतं तर मुरमात, मांजऱ्यात, भेगांमधी आणि दोन थर जिथं एकमेकांना टेकतात तिथं. टणक पाषाणात स्वतःचं पाणी जवळपास नसतंच, त्याला भेग असेल तरच पाझर. आणि जसजसं खाली जावं तसतशा वरच्या वजनानं भेगा आवळत जातात, म्हणून बेसॉल्टमधी बहुतेक उपयोगाचं पाणी वरच्या २०० फुटांच्या आसपास मिळून जातं. त्याखाली पाणी लागतच नाही असं नाही, लागतं कधीकधी, पण ते फार जुनं साठलेलं असू शकतं आणि एकदा उपसलं की भरून यायला फार वेळ घेतं. ७००-८०० फुटांवर लागलेलं बोअर पहिल्या वर्षी धो धो चालतं आणि पुढं दोन-तीन उन्हाळ्यांत बंद पडतं, त्यामागं बऱ्याचदा हेच कारण असतं. मराठवाड्यात हे फार झालंय. एप्रिल २०१६ मधी लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, त्या वेळी त्या भागात खोल बोअर काही कमी नव्हते.

सगळीकडं बेसॉल्ट नाही हेही लक्षात ठेवा. तापी-पूर्णेच्या खोऱ्यात जळगाव, बुलढाणा, अकोला, अमरावतीच्या काही भागात जाड गाळाची जमीन आहे, तिथं ट्यूबवेल लागते, जाळीची केसिंग (कडा ढासळू नयेत म्हणून बोअरमधी घालायची पाइप) लागते, गाडीही वेगळी असते. त्यातच पूर्णेकाठचा खारपाणपट्टा येतो, तिथं पाणी लागूनही खारट निघतं. कोकणात वर जांभा, त्यातून पाणी पावसाळ्यानंतर भराभर वाहून जातं. पूर्व विदर्भात ग्रॅनाइट आणि नीसचा खडक. तुमचं गाव यातलं कुठलं हे आधी कळलं पाहिजे. पुढचं सगळं मी बेसॉल्ट धरून लिहितोय.

पाणी किती पाहिजे ते कागदावर मांडा

हे कोणीच करत नाही. शहरात माणशी रोज १३५ लिटर धरतात, पाच माणसांचं घर म्हणजे रोजचे ६७५ लिटर. ताशी फक्त ५०० लिटर देणारं बोअर, ज्याला लोक "काय उपयोग नाही" म्हणतात, ते दीड तासात हे भरून देतं. म्हणजे घरासाठी बोअर घेताय तर तुम्हाला कारंजं उडवणारं बोअर लागतच नाही, एक टाकी आणि थोडं पाणी बास.

शेताचं गणित वेगळं. एक एकरावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे ४,००० लिटरच्या वर. उन्हाळ्यात पिकाला दिवसाला ५ मिलिमीटर धरलं तर एकरी २०,००० लिटर रोज. ताशी २,००० लिटरचं बोअर दहा तास चालवलं तर कसाबसा एक एकर निघतो, तेही लाइट असली तर. ठिबकनं पाणी वाया जायचं थांबेल पण पिकाची तहान तीच राहते. हा हिशोब आधी केला असता तर कितीतरी जणांनी बोअरऐवजी जुनी विहीर खोल करणं, गाळ काढणं किंवा विहिरीच्या तळाला आडवं बोअर मारणं निवडलं असतं. मुरूम जाड असेल आणि ओढा जवळ असेल तर विहीर बोअरपेक्षा बरी, कारण विहिरीत रात्रभर पाझर साठतो. साडेसहा इंची बोअरमधी एका फुटाला जेमतेम साडेसहा लिटर पाणी मावतं, म्हणजे ३०० फूट काठोकाठ भरलेलं बोअरसुद्धा २,००० लिटरचं. साठा नाहीच, जे काय आहे ते खडकातून येणाऱ्या पाझरावर.

जागा

सगळ्यात स्वस्त सर्व्हे म्हणजे आजूबाजूच्या बोअरची माहिती. चारी बाजूंच्या पाच-सात लोकांकडं जा आणि फक्त "किती फूट" विचारू नका. विचारा, केसिंग किती फूट लागली, पहिलं पाणी कितीवर लागलं, दुसरं कितीवर, मेमधी मोटर किती वेळ चालते, आणि कोणाचं फेल गेलं, कितीवर सोडलं. फेल गेलेल्याची माहिती जास्त कामाची असते आणि ती कोणी आपणहून सांगत नाही, चहा घेत विचारावी लागते. हे आकडे एका कागदावर मांडले की बऱ्याचदा दिसतं की सगळ्यांना पाणी ९० ते १६० च्या मधी लागलंय आणि त्याखाली कोणालाच काही नाही. तुमचा थांबायचा आकडा इथंच मिळाला.

दुसरं, जमिनीचा उतार बघा. सखल भाग, ओढ्याच्या जवळपास, जिथं दोन उतार एकत्र येतात ती जागा माथ्यापेक्षा चांगली. उघड्या ओढ्यात किंवा रस्त्याच्या कटिंगला थर दिसतात, तिथं उभं राहून बघा मुरूम किती जाड आहे, मांजऱ्या कुठं आहे.

तिसरं, शास्त्रीय सर्व्हे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं ऑफिस जिल्ह्याच्या ठिकाणी असतं, पुण्यात मुख्यालय. ते निरीक्षण विहिरींची पाणीपातळी वर्षभर ठरावीक महिन्यांत मोजतात, तुमच्या भागाची पातळी कशी चाललीये ते तिथं कळतं, जागा पाहणीबद्दलही तिथंच चौकशी करा. खाजगी भूवैज्ञानिकसुद्धा असतात, ते जमिनीत खुंट्या ठोकून करंट सोडतात आणि खडकाचा विद्युत विरोध मोजतात, त्यावरून ओलसर किंवा भेगाळ थर कुठं असेल याचा अंदाज येतो. लक्षात घ्या हा अंदाजच, गॅरंटी नाही, आणि जो गॅरंटी देतो त्याला नमस्कार करून परत पाठवा. रिपोर्ट लेखी घ्या, त्यात कुठल्या खोलीवर काय अपेक्षित आहे आणि कितीवर थांबायचं हे लिहून मागा.

पाणाड्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. नारळ उभा राहणं, कडुलिंबाची काडी फिरणं याला कसलाही शास्त्रीय आधार नाही. मग त्यांचं बरोबर कसं येतं? कारण मुरूम-मांजऱ्याच्या भागात बऱ्याच ठिकाणी थोडंफार पाणी लागतंच, आणि जुना पाणाडी त्या भागात आयुष्यभर फिरलेला असतो, त्याला उतार आणि झाडं कळतात. घरच्यांच्या समाधानासाठी बोलवायचं असेल तर बोलवा, पण त्यानं सांगितलेली जागा वरच्या तीन गोष्टींशी जुळते का ते बघा. नाही जुळली तर वाद न घालता जागा बदला.

अंतरं पाळा. शौचालयाचा शोषखड्डा, सेप्टिक टँक, उकिरडा, गोठा यांच्यापासून कमीत कमी ५० फूट, आणि शक्यतो त्यांच्या वरच्या अंगाला. वरून जाणारी लाइटची तार बघा, गाडीचा मास्ट उभा राहतो आणि तो तारेला लागला तर माणूस जागेवर जातो. गाडी म्हणजे एकटी गाडी नाही, एक रिग आणि एक कॉम्प्रेसरची गाडी, दोन्ही ट्रक, त्यांना वळायला जागा पाहिजे. पुढं मोटर काढायलाही वर मोकळं आकाश लागतं, म्हणून पोर्चच्या खाली, जिन्याच्या खाली बोअर घेऊ नका.

कागदपत्रं, थोडक्यात पण टाळू नका

महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम २००९, अंमल २०१४ पासून. या कायद्यात ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण २०० फुटांपेक्षा खोल विहिरीला "खोल विहीर" म्हटलंय आणि शेती किंवा उद्योगासाठी तशी घेण्यावर बंधनं आहेत. वर खडकाबद्दल जे लिहिलं त्याच्याशी हा आकडा जुळतो बघा. प्रत्यक्षात लोक सर्रास खोल जातात हे मला माहीत आहे, तरी तुमच्या गावासाठी काय नियम लागू आहे हे तहसील किंवा भूजल यंत्रणेच्या ऑफिसात विचारून घ्या. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर-बोअर नको, हे १९९३ च्या कायद्यापासून चालत आलंय. गोव्यात २००२ चा वेगळा भूजल नियमन कायदा आहे, तिथं परवानगी आधी.

सुप्रीम कोर्टानं २०१० मधी सगळ्या देशासाठी सूचना दिल्यात, काम सुरू करायच्या १५ दिवस आधी ग्रामपंचायत किंवा संबंधित अधिकाऱ्याला लेखी कळवायचं, जागेवर मालकाचा आणि बोअरवाल्याचा पत्ता असलेला बोर्ड लावायचा, काम चालू असताना कुंपण करायचं. एक साधा अर्ज, पोच घेऊन ठेवा. शेतातलं असेल तर जमीन सामाईक आहे का बघा, भावकीतल्या सगळ्यांची लेखी संमती घ्या, नंतर वीज जोडणीच्या वेळी आणि सातबाऱ्यावर नोंद करताना हाच कागद लागतो.

गाडीवाल्याशी बोलणी

आपल्याकडं येणाऱ्या कितीतरी गाड्या तमिळनाडूच्या असतात, तिकडं नामक्कल जिल्ह्यातलं तिरुचेंगोडे हे गाव बोअरच्या गाड्यांसाठीच ओळखलं जातं. कामगार मेहनती असतात, रात्रंदिवस धूळ खातात, पण तुमचा व्यवहार त्यांच्याशी नसतो, मधल्या एजंटशी असतो. म्हणून सगळं एजंटकडून लिहून घ्या, व्हॉट्सॲपवर का होईना.

काय काय लिहून घ्यायचं तर बोअरचा व्यास किती, साडेचार इंची का साडेसहा इंची. घरासाठी साडेचारचं स्वस्त पडतं पण पुढं मोटरचे पर्याय कमी होतात, मी साडेसहाच घ्या म्हणेन. फुटाचा रेट, आणि तो कितीपर्यंत, कारण रेट स्लॅबमधी असतो, पहिले काहीशे फूट एका रेटनं आणि पुढं दर १०० फुटाला वाढत जातो, खाली जाल तसा प्रत्येक फूट महाग आणि पाण्याची आशा कमी. केसिंगचा रेट फुटावर, कुठली पाइप ते सांगून. केसिंग बसवायचं मोठ्या व्यासाचं ड्रिलिंग वेगळं धरणार का. फ्लशिंग, म्हणजे शेवटी हवा मारून बोअर साफ करणं, धरलंय का. गाडीचं येणं-जाणं. कमीत कमी किती फुटाचे पैसे घेणार, ही अट बऱ्याचदा नंतर सांगतात, १५० ला पाणी लागलं तरी ३०० चे पैसे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, "मी सांगेन तिथं थांबायचं" हे वाक्य. डिझेलच्या भावानं रेट हलतो म्हणून मी इथं आकडे देत नाही, पण मोटर-पाइप-पॅनल धरून खर्च लाखाच्या आसपास सहज जातो हे मनात ठेवून बजेट करा.

महिना कुठला? शक्य असेल तर एप्रिल-मे. तेव्हा पातळी सगळ्यात खाली असते, तेव्हा जे पाणी लागलं ते खरं. ऑक्टोबरमधी ६० फुटावर लागलेलं पाणी मार्चमधी नसू शकतं. उन्हाळ्यात गाड्यांना मागणी असते, भाव चढा असतो, तरी मी हेच सांगेन.

बोअरचा दिवस

या दिवशी घरातला एक माणूस फक्त वही-पेन घेऊन गाडीजवळ बसला पाहिजे, दुसरं काहीही काम त्याला देऊ नका. पाहुणे, चहा, नारळ-पूजा बाकीचे बघतील.

खोदताना एकाला एक जोडत खाली सोडतात त्या रॉडला सुरुवातीलाच टेप लावा. बहुतेक रॉड २० फुटी असतात, पण मोजल्याशिवाय मान्य करू नका. पुढं सगळी खोली रॉड मोजूनच ठरते, खाली जाताना प्रत्येक रॉडला वहीत एक रेघ, वर काढताना परत मोजणी. शेवटी दोरीला वजन बांधून सोडून बघता येतं, कोणी नाही म्हणणार नाही.

आधी मोठ्या बिटनं माती-मुरूम कापतात, पक्का खडक लागला की केसिंग उतरवतात. इथं घाई नको. केसिंग पक्क्या खडकात दोन-तीन फूट तरी रुतली पाहिजे. पाच फूट पाइप वाचवायला ती मुरमातच टेकवली तर पुढच्या पावसाळ्यात वरची माती आणि घाण पाणी थेट बोअरमधी, मग मोटर गाळात. उलटंही होतं, गरज नसताना जास्त केसिंग घालतात कारण त्यात मार्जिन असतं, आणि मुरमातलं चांगलं पाणी पाइपच्या बाहेरच अडतं. म्हणून खडक कधी लागला ते आवाजावरून ओळखा, मुरमात हॅमरचा आवाज दबका येतो आणि रॉड पटापट खाली जातो, पाषाण लागला की खणखणीत ठोका आणि रॉड हळू. पीव्हीसी केसिंग घेत असाल तर आयएस १२८१८ हा भारतीय मानकाचा नंबर छापलेली पाइप बघून घ्या, दाबून बघा, पातळ पाइप पुढं दबते आणि मोटर अडकते.

आता मुख्य गोष्ट, चुरा. हॅमर खडक फोडतो आणि कॉम्प्रेसरची हवा चुरा वर फेकते. प्रत्येक रॉडला एक मूठ चुरा घ्या, ओळीनं वर्तमानपत्रावर ठेवा, बाजूला फूट लिहा. अर्ध्या तासात तुमच्यासमोर जमिनीच्या आतलं चित्र तयार होतं. बारीक काळी-करडी पिठासारखी धूळ, तर टणक पाषाण, इथं पाण्याची आशा कमी. तांबूस, भुरकट, थोडी जाड कणी आली तर झिजलेला किंवा भेगाळ थर, लक्ष द्या. चुऱ्यात पांढरे-हिरवट चमकणारे खडे दिसले तर मांजऱ्या, हे खडे म्हणजे जुन्या भोकांत साठलेली खनिजं. एकदम लाल झालं तर गेरू, इथं दोन थरांची सांध आहे, पाणी लागू शकतं, पण गेरू पाण्यानं फुगतो आणि ढासळतो, तेव्हा कितीवर लागला ते अधोरेखित करून ठेवा.

नुसता फुफाटा उडत असेल तर कोरडं. मग धूळ बसायला लागते, चुरा ओलसर येतो, लगदा होतो, मग चिखलपाणी आणि मग बाहेर धार. या प्रत्येक बदलाला फूट लिहा. ऑपरेटरला सांगा, पाणी लागलं की पाच-दहा मिनिटं खाली न जाता नुसती हवा मारून बघ, धार टिकते का कमी होते. साठलेलं थोडं पाणी असेल तर पहिल्या दोन-तीन मिनिटांत जोरात उडतं आणि मग बारीक होतं, आणि तेवढ्यात सगळ्यांनी टाळ्या वाजवलेल्या असतात. टिकलेली धार मोजा.

थांबायचं कधी

समजा आजूबाजूच्या माहितीवरून आणि सर्व्हेवरून तुम्ही २०० हा आकडा ठरवलाय. ११० ला घरापुरतं पाणी लागलं, धार टिकली. मग अजून २०-४० फूट खाली घेऊन थांबा, ते खालचे फूट मोटर पाण्यात बुडून राहायला आणि गाळ साठायला लागतात. "अजून शंभर मारू, डबल होईल" हे वाक्य गाडीजवळ कोणीतरी बोलणारच. त्याला वही दाखवा.

२०० ला आलात आणि काहीच नाही, सलग चार-पाच रॉड एकसारखी काळी धूळ, एकही ओलसर पट्टा नाही, तर थांबा. हीच सगळ्यात अवघड वेळ. इतके पैसे गेलेत, अजून थोडे घालू, कदाचित पुढच्या रॉडला लागेल, घरचे बघतायत, एजंट म्हणतो शेजारच्या गावात ५०० ला लागलं. गेलेले पैसे पुढच्या खडकात भेग पाडत नाहीत. तेच उरलेले पैसे दुसऱ्या जागेच्या सर्व्हेला, विहिरीला किंवा शेततळ्याला वापरता येतात. चुऱ्यात मांजऱ्या किंवा गेरू नुकताच सुरू झाला असेल तर मात्र तो पट्टा पार करून मग निर्णय घ्या, अर्ध्यात सोडू नका. एवढीच सूट.

आणि हा आकडा आदल्या रात्री घरात सगळ्यांसमोर बोलून ठेवा, कर्ज काढून बोअर घेणाऱ्यांनी तर नक्कीच. कर्जावर एकामागून एक बोअर मारत गेलेली आणि त्यात मोडलेली घरं आपल्या गावागावात आहेत.

पाणी मोजा, इंचात फसू नका

"दोन इंची पाणी लागलं" म्हणजे काय हे प्रत्येकाचं वेगळं असतं. मोजायची पद्धत व्ही-नॉचची, ९० अंशाच्या खाचेतून पाणी सोडायचं आणि खाचेतली उंची मोजायची. त्या हिशोबानं १ इंच म्हणजे ताशी साधारण ५०० लिटर, २ इंच म्हणजे २,९०० च्या आसपास, ३ इंच म्हणजे जवळपास ८,०००. बघा, इंच दुप्पट झाला तर पाणी पाचपटीच्या वर जातं, म्हणून "एक-दीड इंच" आणि "दीड-दोन इंच" यात फार फरक आहे. घरच्या घरी २०० लिटरचा ड्रम लावा, ४ मिनिटांत भरला तर ताशी ३,००० लिटर.

काम संपल्यावर कमीत कमी अर्धा तास फ्लशिंग, पाणी नितळ येईपर्यंत. गाडी जायच्या आधी केसिंग जमिनीच्या वर दीड-दोन फूट ठेवून टोपी बसवा, एक रात्रसुद्धा उघडं नाही. केसिंगच्या बाहेरची पोकळी सिमेंट किंवा चिकणमातीनं भरा आणि भोवती सिमेंटचा ओटा करा, कोर्टाच्या सूचनेत त्याचं मापही आहे, ०.५० बाय ०.५० मीटर, ०.३० मीटर वर आणि तेवढाच खाली.

मोटर

मोटर गाडी जायच्या दिवशीच घेऊन ठेवू नका, पाणी मोजल्यावर घ्या. दोन आकडे लागतात, पाणी किती देतं आणि चालू असताना पातळी कितीवर बसते. उदाहरणार्थ पातळी १८० फुटावर बसते, टाकी ३० फूट उंच, पाइपातलं घर्षण धरून अजून २० फूट, एकूण २३० फूट म्हणजे ७० मीटर हेड, पंपाला पाणी जेवढं उचलायचं ती एकूण उंची. बोअर ताशी २,००० लिटरचं असेल तर ७० मीटरला २,००० च्या थोडं खाली देणारा पंप घ्या, दुकानात पंपाचा तक्ता असतो तो मागा. साधारण दीड एचपीचं काम आहे. हौसेनं तीन एचपी टाकली तर दहा मिनिटांत पाणी तुटतं, मोटर कोरडी फिरते आणि जळते. ड्राय रन बंद करणारं पॅनल घ्याच.

मोटर तळाला टेकवायची नाही, तळापासून १५-२० फूट वर. नायलॉनचा दोर वेगळा बांधा, पाइप सुटला तर मोटर दोरावर राहते. केबलला मधी जोड नको, असलाच तर वॉटरप्रूफ. सोडलेल्या पाइपांची लांबी त्याच वहीत. पाणी अगदीच कमी असेल तर एअर कॉम्प्रेसरचा पंप किंवा सरळ हातपंपही चालतो. इंडिया मार्क २ हा देशभर गेलेला हातपंप, त्याच्या मागची आधीची मॉडेलं जालना आणि सोलापूरची होती, आपल्याच खडकासाठी घडलेली.

प्यायच्या आधी

नितळ दिसलं म्हणजे पिण्याजोगं नाही. आधी बोअर निर्जंतुक करा. साडेसहा इंची बोअरमधी २०० फूट पाणी असेल तर ते १,३०० लिटर, त्याला साधारण २५० ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर बादलीत कालवून, निवळ ओता, रात्रभर ठेवा आणि वास जाईपर्यंत पाणी बाहेर काढा. मग नमुना लॅबला. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या मानकाप्रमाणे क्षार ५०० पर्यंत चांगले आणि दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालतात, नायट्रेट ४५ च्या आत, फ्लोराइड १ पर्यंत चांगलं आणि जास्तीत जास्त १.५, सगळे आकडे लिटरला मिलिग्रॅम. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत फ्लोराइडचा त्रास आहे, तिथं ही तपासणी सोडूच नका, लहान मुलांचे दात आणि हाडं यावर अवलंबून आहेत. जंतूंची तपासणी दर पावसाळ्यानंतर.

भरणा

१,००० चौरस फुटाच्या छतावर ७०० मिलिमीटर पावसात, गळती-बिळती वजा जाता, ५०,००० लिटरच्या वर पाणी पडतं. ते गटारात घालवण्यापेक्षा पहिला पाऊस सोडून, फिल्टरमधून, बोअरशेजारच्या खड्ड्यात मुरवा, दगड-खडी-वाळूचे थर घालून. शेतातलं खत-औषधाचं किंवा रस्त्याचं पाणी थेट बोअरमधी सोडू नका, एका बोअरनं आख्ख्या वस्तीचं पाणी खराब होऊ शकतं. गावानं मिळून करायचं असेल तर हिवरे बाजारकडं बघा, पोपटराव पवारांच्या पुढाकारानं तिथं शेतीसाठी बोअर बंद ठेवलेत आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवतात.

फेल गेलं तर

केसिंग काढून नेणार असाल तर त्याच दिवशी भोक बुजवा, उद्या नको. साडेसहा इंच म्हणजे लहान मूल जाण्याएवढी जागा आणि अशा बातम्या दरवर्षी येतात. वर दगड ठेवणं, पोतं कोंबणं, फांदी टाकणं हे बुजवणं नाही. निघालेला चुरा, माती, वाळू, लहान दगड, खालपासून जमिनीपर्यंत थोडं थोडं टाकत भरायचं, मोठा दगड मधी अडकला तर खाली पोकळी राहते म्हणून बारीक माल आधी. वर ढीग करून दाबा. ग्रामपंचायतीला लेखी कळवा आणि फोटो ठेवा. दोन-तीन मोठे पाऊस झाले की भर खाली बसते, तेव्हा परत जाऊन बघा आणि खड्डा पडला असेल तर पुन्हा भरा.